परमुलखातली चिता : कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचे फ्लॉरेन्समधले अंत्यसंस्कार, १८७०

३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज वारले. वय अवघे वीस. इंग्लंडचा दौरा आटोपून ते घराकडे निघाले होते आणि वाटेत आजारी पडले. सोबतीला काही मानकरी, नोकरचाकर आणि इंग्रज सरकारने बरोबर दिलेले कॅप्टन एडवर्ड वेस्ट. राजवाडा नाही, भाऊबंद नाहीत, पंचगंगेचा घाट नाही, आणि जिथे मृत्यू झाला त्या मुलखात प्रेताला अग्नी द्यायची रीतच नाही. अंत्यसंस्कार कसे करायचे, हे या मूठभर माणसांना एका दिवसात ठरवायचे होते.

कोल्हापुरात ही गोष्ट बहुतेकांना दोन वाक्यांत माहीत असते. महाराज विलायतेला गेले आणि येताना वारले, तिकडे त्यांची समाधी आहे. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातले रोजचे जगणे, पोशाख, सोवळेओवळे आणि कला समजून घ्यायला याच्याइतके भरलेले दुसरे प्रकरण आपल्या शहराच्या इतिहासात सापडणार नाही. त्या काळच्या माणसांना आपण सहज ‘कर्मठ’ म्हणून मोकळे होतो. इथे मात्र ती माणसे कुठली रूढी सैल सोडायची आणि कुठली काही झाले तरी सोडायची नाही, हे नेमके ओळखून वागताना दिसतात.

महाराज आणि त्यांचा काळ

कोल्हापूरच्या इतिहासात राजाराम नावाचा घोळ नेहमी होतो. पहिले राजाराम म्हणजे शिवछत्रपतींचे धाकटे पुत्र, महाराणी ताराबाईंचे पती. तिसरे राजाराम विसाव्या शतकातले, शाहू महाराजांचे पुत्र. आपण बोलतोय ते मधल्या, दुसऱ्या राजाराम महाराजांबद्दल. पाटणकर घराण्यात १८५० साली त्यांचा जन्म झाला आणि १८६६ साली ते दत्तक येऊन गादीवर बसले.

तो काळ कोल्हापूरला सोपा नव्हता. १८५७ च्या उठावाची झळ शहराला बसली होती. आधीच्या महाराजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना इंग्रजांनी कराचीला नेऊन ठेवले होते आणि १८६९ साली तिथेच त्यांचा अंत झाला. म्हणजे लागोपाठ दोन वर्षांत या घराण्यातली दोन माणसे घरापासून दूर गेली. एक कैदेत, एक प्रवासात. चिमासाहेबांच्या नावाचा चौक आपण रोज ओलांडतो, पण या दोन मृत्यूंचा विचार एकत्र फारसा कोणी करत नाही.

राजाराम महाराजांचे शिक्षण इंग्रजी वळणाचे झाले होते. प्रवासात ते इंग्रजीतून रोजनिशी लिहीत. ती पुढे वेस्ट यांनी संपादित केली आणि १८७२ साली लंडनला छापली गेली. एका तरुण मराठी राजाने विलायत कशी पाहिली, हे त्याच्याच शब्दांत वाचायला मिळणे ही केवढी दुर्मीळ गोष्ट!

निघतानाच मोडलेली एक रूढी

समुद्र ओलांडणे त्या काळी उच्चवर्णीय हिंदूंना निषिद्ध मानले जाई. परत आल्यावर प्रायश्चित्त, जातीत घ्यायचे की नाही यावर खल, पंगतीचा प्रश्न. राजाला या जाचाची धार थोडी कमी लागे इतकेच. कोल्हापूरला तेव्हा आगगाडी नव्हती, ती यायला १८९१ साल उजाडावे लागले. पण सुएझचा कालवा १८६९ च्या नोव्हेंबरात खुला झाला होता आणि विलायत पूर्वीइतकी लांब राहिली नव्हती. १८७० च्या उन्हाळ्यात एक छत्रपती जहाजावर चढतो, इंग्लंडला जातो, व्हिक्टोरिया राणीला भेटतो, ही घटना रूढीच्या दृष्टीने छोटी नाही.

मग पाळले काय? तर दोन गोष्टी. एक अन्न. विलायतेला निघणाऱ्या हिंदू संस्थानिकाच्या लवाजम्यात आचारी असायचाच. मराठा राजघराण्यात मांसाहार चालत असल्यामुळे प्रश्न काय खायचे याचा कमी आणि कोणाच्या हातचे खायचे याचा जास्त असे. हाच प्रश्न जयपूरच्या माधोसिंह महाराजांनी १९०२ साली कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी चांदीचे अजस्र हंडे घडवले, प्रत्येकी चार हजार लिटरच्या आसपास, आणि त्यांत गंगाजल भरून लंडनला नेले. कोल्हापूरच्या लवाजम्याचा डौल तसा नव्हता. त्यांचे सगळे काम माणसांवर चालत होते.

दुसरी गोष्ट पोशाख. संस्थानिकाने दरबारी प्रसंगी आपल्या देशी वेषातच यावे, अशी खुद्द इंग्रजांचीही अपेक्षा असे. अंगरखा, शेला, डोक्याला मंदील किंवा पगडी, तिच्यावर शिरपेच आणि मोत्यांचा तुरा, गळ्यात कंठी, कानात चौकडा. प्रत्येक दागिन्याची जागा ठरलेली आणि प्रत्येकातून दर्जा कळायचा. पायांच्या बाबतीत तर सरकारी ठराव होते. १८६८ च्या ठरावानुसार हिंदी माणसाने इंग्रजी बूट-मोजे घातले असतील तर ते घालून दरबारात जाता येई, देशी जोडे मात्र दाराबाहेर काढावे लागत. ज्या गावाने पुढे आपल्या चपलेला जगभर नाव मिळवून दिले, त्या गावच्या वाचकाला हा ठराव झोंबल्याशिवाय राहणार नाही.

फ्लॉरेन्समध्ये समोर असलेले तीन मार्ग

१८७० च्या हिवाळ्यात युरोप पेटलेला होता. फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध चालू होते, पॅरिसला वेढा पडला होता. इटलीचे नवे राज्य जेमतेम उभे राहिले होते आणि फ्लॉरेन्स ही त्याची राजधानी होती. सप्टेंबरात इटलीच्या फौजेने रोम घेतले होते आणि पोपचे सरकारशी उघड वैर झाले होते.

पहिला मार्ग सर्वांत सोपा होता : दफन. फ्लॉरेन्समध्ये कॅथलिक नसलेल्या परदेशी लोकांची ‘इंग्लिश सिमेटरी’ होती. आणि त्याआधी विलायतेत वारलेल्या नामवंत हिंदूंच्या वाट्याला हेच आले होते. राजा राममोहन रॉय १८३३ साली ब्रिस्टलला वारले, त्यांना पुरले. दहा वर्षांनी त्यांची शवपेटी आर्नोस व्हेलच्या स्मशानात हलवली आणि वर बंगाली धाटणीची छत्री बांधली. त्या छत्रीसाठी पुढाकार घेणारे द्वारकानाथ ठाकूर १८४६ साली लंडनमध्येच वारले, तेही केन्सल ग्रीनमध्ये पुरले गेले. पूर्वीचे दाखले सगळे दफनाचेच होते, त्यामुळे इंग्रज अधिकाऱ्याने तोच सल्ला दिला असता तरी नवल नव्हते.

दुसरा मार्ग म्हणजे देह पेटीत घालून मायदेशी आणणे. त्यात कितीतरी आठवडे गेले असते, आणि अग्नी न मिळालेला राजा इतके दिवस तसाच ठेवणे लवाजम्यातल्या कोणालाही मानवले नसते.

तिसरा मार्ग दहनाचा, आणि तोच सर्वांत अवघड. इटलीत दहनाला कायद्याचा आधार नव्हता, चर्चचा विरोध ठरलेला होता आणि राजधानीच्या शहरात उघड्यावर चिता पेटवायची तर सरकारची परवानगी लागणार होती. महाराजांच्या माणसांनी याच मार्गाचा आग्रह धरला. वेस्ट यांनी तो उचलून धरला, इटलीतले ब्रिटिश वकील सर ऑगस्टस पॅजेट यांच्यामार्फत हालचाल झाली आणि त्याच दिवशी परवानगी मिळाली.

ती एवढ्या लवकर कशी मिळाली, याची कारणे मला दोन दिसतात. एक, ब्रिटिश वकिलातीचा शब्द. नव्या राज्याला इंग्लंडचा स्नेह हवाच होता. दुसरे कारण फारसे सांगितले जात नाही. बरोबर एक वर्ष आधी, १८६९ साली, याच फ्लॉरेन्समध्ये भरलेल्या वैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत इटालियन डॉक्टरांनी आरोग्याच्या आणि सुधारणेच्या नावाने दहनाचा जाहीर पुरस्कार केला होता. म्हणजे शहरातल्या शिकल्या-सवरल्या वर्गाला ही कल्पना अगदीच अघोरी वाटत नव्हती. कोल्हापूरची माणसे धर्म म्हणून जे मागत होती, तेच तिथले डॉक्टर विज्ञान म्हणून मागत होते. दोघांची गाठ पडली नसेल, पण वारा अनुकूल होता.

चिता

शहराच्या पश्चिमेला कॅशीने नावाची मोठी बाग आहे. तिच्या अगदी टोकाला मुन्योने नावाची छोटी नदी आर्नो नदीला मिळते. चितेसाठी ही जागा निवडली गेली. वस्तीपासून दूर, म्हणून अधिकाऱ्यांना सोयीची. आणि संगम, म्हणून कोल्हापूरकरांना मान्य. ज्यांची पंचगंगाच प्रयाग चिखलीच्या संगमातून आकाराला येते आणि ज्यांच्या छत्रपती घराण्याच्या समाध्या नदीच्या घाटावर आहेत, त्या माणसांना परक्या शहराच्या कडेला दोन नद्या एकत्र येताना दिसल्यावर केवढा धीर आला असेल!

अग्नी रात्री दिला गेला. इथे क्षणभर थांबले पाहिजे. आपल्याकडे सूर्यास्तानंतर अग्नी देणे शक्यतो टाळतात. उशीर झाला तर रात्र जागून काढतात आणि सकाळी उरकतात. राजाच्या बाबतीत तर ही काळजी अधिकच घेतली असती. पण परवानगी मिळाली त्याच रात्री चिता पेटली, आणि तरीही फ्लॉरेन्सचे लोक मोठ्या संख्येने बघायला जमले. वेळेचा नियम वाकवला गेला. अग्नीचा आणि संगमाचा वाकवला नाही.

आता या कामाकडे जरा जवळून पाहू. चिता रचणे हे हाताला सवय असलेल्या माणसाचे काम आहे. कोल्हापुरात आजही पंचगंगेच्या स्मशानात मुख्य जळण शेणींचे असते. होळीच्या सुमारास शेणीदानाच्या मोहिमा निघतात त्या यासाठीच. शेणी सावकाश आणि सारखी धगते, हवेला वाट देते, थरावर थर नीट बसतो. आर्नोच्या काठी शेणी कुठून आणणार? तिथे लाकूडच हाती होते. नुसत्या लाकडाच्या उघड्या चितेला साधारण ३०० ते ५०० किलो लाकूड लागते आणि ते वाळलेले असावे लागते. नोव्हेंबर हा फ्लॉरेन्सच्या पावसाळी महिन्यांपैकी एक, नदीकाठची हवा ओलसर. खाली जाड ओंडके आडवे, मध्ये पोकळी, वर बारीक लाकूड, तूप, कापूर. एवढे सगळे अनोळखी बाजारातून, अनोळखी भाषेत, काही तासांत उभे करायचे. चिता नीट रचली गेली नाही तर ती अर्ध्यावर विझते, आणि बघ्यांच्या गर्दीसमोर राजाची चिता विझणे याहून मोठी नाचक्की कुठली? ती विझली नाही. या कामाचे श्रेय ज्या हातांना जाते, त्यांच्याबद्दल मला महाराजांइतकाच आदर वाटतो. घरात, गावात चार माणसांच्या खांद्याला खांदा लावून जे शिकले होते, तेच त्यांनी तिथे केले.

छत्री आणि पुतळा

चार वर्षांनी, १८७४ साली, त्या जागेवर स्मारक उभे राहिले. चार खांबांवर घुमटाची छत्री, आत महाराजांचा अर्धपुतळा, खाली चार भाषांत लेख. पुतळा घडवला फ्लॉरेन्समध्येच राहणाऱ्या चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराने. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा.

कोल्हापूरकर मँटला नावाने ओळखत नसला तरी त्याच्या कामात रोज वावरतो. भवानी मंडपापासून थोडे पुढे भाऊसिंगजी रोडवर असलेला टाऊन हॉल, जिथे आज वस्तुसंग्रहालय आहे, तो मँटचा. सीपीआर म्हणून ओळखले जाणारे जुने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल त्याच्याच आराखड्याचे. १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेलेला नवा राजवाडा त्याचाच. घडीव काळा दगड, अष्टकोनी मनोरा, त्यावर घड्याळ आणि जैन मंदिरांपासून मुसलमानी घुमटांपर्यंत सगळ्यांची केलेली सरमिसळ. मँट १८८१ सालीच वारला, पुरा झालेला राजवाडा त्याला पाहता आला नाही. फ्लॉरेन्सची छत्री या मालिकेतली आरंभीची कृती. देशी घाट आणि युरोपी बांधणी एकत्र कशी बसवायची, याचा जो खेळ पुढे नव्या राजवाड्यात मोठ्या प्रमाणावर रंगला, त्याची छोटी प्रत आर्नोच्या काठी उभी आहे.

पुतळा मला अधिक अस्वस्थ करतो, आणि कलेच्या दृष्टीने तोच जास्त बोलका आहे. युरोपात तेव्हा संगमरवरी पुतळे पांढरेच ठेवायचा शिरस्ता होता. ग्रीक-रोमन आदर्शाची ती छाप. फुलरचा पुतळा रंगीत आहे. चेहऱ्याला वर्ण, पागोट्याला रंग, मोत्यांच्या सरी आणि रत्ने वेगळी उठून दिसणारी. पांढऱ्या दगडात मराठा राजाचा पोशाख मुका झाला असता. शिरपेच कुठे संपतो आणि मंदील कुठे सुरू होतो, हे रंगाशिवाय कळत नाही. या पोशाखाने शिल्पकाराला स्वतःच्या परंपरेचा नियम मोडायला लावला, असे मला वाटते.

पण दुसऱ्या बाजूने पाहिले तर आपलीही एक रीत इथे मोडली. पंचगंगेच्या घाटावर किंवा आपल्याकडच्या बहुतेक जुन्या राजसमाध्यांवर शिवलिंग असते, पादुका असतात, तुळशीवृंदावन असते. गेलेल्या माणसाचे तोंड सहसा नसते. माणूस देवाच्या खुणेत विरून जातो. फ्लॉरेन्समध्ये दहनाच्या जागेवर थेट राजाचा चेहरा बसला. छत्री आपली, चेहरा त्यांच्या रिवाजाचा. कोल्हापुरात पुढे चौकाचौकात पुतळे उभे राहिले, आणि आज ते आपल्याला इतके आपले वाटतात की ही पद्धत कधीतरी नवी होती हे ध्यानातही येत नाही.

आणखी एक. डौलदार कपड्यांतला तो कायमचा राजा पाहून, इंग्रजीत रोजनिशी लिहिणारा वीस वर्षांचा विद्यार्थी डोळ्यांसमोर येत नाही. पुतळ्याने त्यांचा दरबार जपला, रोजनिशीने त्यांचा दिवस जपला. अभ्यास करणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवूनच पाहावे.

पुढे काय झाले

फ्लॉरेन्सच्या लोकांनी त्या जागेला ‘इंडियानो’ म्हणजे ‘तो हिंदी माणूस’ एवढेच नाव दिले. १९७० च्या दशकात जवळच आर्नोवर जो मोठा पूल झाला, त्यालाही तेच नाव चिकटले. रोज हजारो गाड्या कोल्हापूरच्या छत्रपतींच्या खुणेवरून जातात आणि त्यात कोल्हापूर कुठेच येत नाही, याची मला खंत आहे.

इटलीत दहनाची चळवळ पुढे सरकली. मिलानमध्ये १८७६ साली दाहगृह उभे राहिले आणि त्यात पहिले दहन झाले. इंग्लंडमध्ये वोकिंगला पहिले दहन १८८५ साली झाले. कॅथलिक चर्चने १८८६ साली दहनावर बंदी घातली, ती १९६३ पर्यंत उठली नाही. आर्नोकाठच्या चितेमुळे हे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण युरोपातल्या एका राजधानीत सरकारच्या परवानगीने उघड्यावर झालेले ते दहन या सगळ्याच्या आधीचे आहे, एवढे निश्चित.

याच्या उलट दिशेने गेलेली एक हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेत वैद्यकी शिकलेल्या आनंदीबाई जोशी यांची नेमणूक मँटने आखलेल्या याच आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात झाली होती. कामावर रुजू होण्याआधीच, १८८७ साली, त्या पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा अमेरिकेतल्या त्यांच्या मानलेल्या मावशी, कार्पेंटरबाई, यांच्याकडे पाठवली गेली आणि त्या कुटुंबाच्या स्मशानातल्या जागेत ठेवली गेली. राजाला परक्या भूमीत आपला अग्नी मिळाला, आणि मराठी डॉक्टरबाईची राख परक्या कुटुंबात सामावली. दोन्ही ठिकाणी रूढीला मुरड घालणारी माणसे जवळची होती, प्रेमाची होती.

कोल्हापुरात राजाराम महाराजांचे नाव शिक्षणाशी जोडले गेले. राजाराम कॉलेज १८८० साली सुरू झाले. गादीवर मात्र पुन्हा दत्तक आले, ते महाराजही १८८३ साली ऐन तारुण्यात गेले आणि १८८४ साली आणखी एका दत्तकविधानातून शाहू महाराज आले.

इथे प्रकरणाची दुसरी बाजू लागते. १८९९ सालच्या कार्तिकात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले असताना पुरोहित वेदोक्त, म्हणजे क्षत्रियांच्या अधिकाराच्या वेदातल्या मंत्रांऐवजी पुराणोक्त, म्हणजे शूद्रांसाठीचे पुराणातले मंत्र म्हणत असल्याचे उघड झाले, आणि त्या वादाने सारा महाराष्ट्र ढवळून निघाला. घरच्या नदीवर, घरच्या पुरोहिताने, घरच्या राजाचा अधिकार नाकारला. त्याच्या एकोणतीस वर्षे आधी आर्नोच्या काठी वाद कुठल्या मंत्रांचा हा नव्हताच. तिथे प्रश्न लाकडाचा होता, परवानगीचा होता, आणि उजाडायच्या आत अग्नी देण्याचा होता. वेदोक्त प्रकरण शिकवताना आपण सुरुवात १८९९ च्या घाटापासून करतो. ती १८७० च्या संगमापासून केली, तर छत्रपती घराण्याला स्वतःच्या धर्मविधीवरचा हक्क इतका जिव्हाळ्याचा का वाटला, हे विद्यार्थ्यांना फार लवकर उमगेल.